अस्थींत न सापडलेली डबी

१

इसोगाई तादाशीच्या अस्थींत डबी सापडली नाही.

त्याच्या बायकोने, फुमीने, ती शोधली होती. दहनगृहाच्या माणसाने ट्रे बाहेर ओढला, लांब काड्या हातात दिल्या आणि रीतीप्रमाणे पायांकडून सुरुवात करायला सांगितलं. फुमी आणि तिचा दीर एकेक हाड दोघांच्या काड्यांनी मिळून उचलत, कलशात ठेवत वर सरकत गेले. बरगड्यांपाशी फुमीचा हात थांबला. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीहून थोडी मोठी धातूची डबी असायला हवी होती. ती वितळत नाही. काळवंडते, फुगते, पण उरते. तिने विचारलं तेव्हा तो माणूस म्हणाला की नवल त्यालाही वाटलं होतं. छातीत यंत्र आहे असं आधी कळवलेलं असल्यामुळे तो भट्टीच्या झरोक्यापासून लांब उभा होता. आत बॅटरी फुटते तेव्हा दारावर लाथ बसल्यासारखा आवाज होतो. त्या दिवशी आवाज आलाच नाही.

हे सगळं फुमीने कुसाकाबे रित्सुला सांगितलं ते ओला कोट अंगावरून न काढता. रित्सु एकोणतीस वर्षांची, शिकलेली भौतिकशास्त्र, आणि शिओझाकीच्या हृदयसंस्थेत तिची नोकरी एकच: रुग्णांवर जे संशोधन चालतं त्यात रुग्णांना सांगितलेलं आणि प्रत्यक्षात केलेलं यांचा मेळ बसतो की नाही हे बघणं. तिच्या खोलीत बहुतेक दिवस कुणी फिरकत नसे.

तादाशी तिला माहीत होता. गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी तो चालवायचा. एकदा गाडीतच कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं नव्हतं, नुसतं थरथरत होतं. धडधाकट पुरुष रात्री झोपतो आणि सकाळी उठत नाही, तोच हा आजार. म्हातारी माणसं त्याला ‘पोक्कुरी’ म्हणतात, वाळकी काटकी मोडावी तसं मरण. तादाशी वाचला आणि त्याच्या छातीत डबी बसली. डबी प्रत्येक ठोक्यावर नजर ठेवते, आणि हृदय थरथरू लागलं की आतून विजेची लाथ घालून त्याला ताळ्यावर आणते. पण डबी बसली आणि कायद्याने गाडी चालवणं सुटलं. म्हणून प्राध्यापक उरुशिबारा यांनी हृदयाच्या बाहेरच्या अंगावरचं रोगट ठिगळ तारेच्या टोकाने जाळून टाकायची चाचणी सुरू केली, तेव्हा पहिलं नाव तादाशीने दिलं. गाडी परत मिळवायची होती त्याला. बारा जणांचं हे जाळणं, म्हणजे अ‍ॅब्लेशन, झालं. त्यानंतर बारांपैकी एकाच्याही डबीला लाथ घालायची वेळ आली नाही. आता तीच चाचणी आणखी नऊ हॉस्पिटलांत जायची होती.

आणि एका पहाटे तादाशी अंथरुणात थंड पडलेला सापडला. डबीने काहीच केलं नव्हतं. मेंदूत रक्तस्राव झाला असावा, असं उरुशिबारांचं मत पडलं.

फुमी म्हणाली, “देहाला कपडे घालणाऱ्या बाईने मला दाखवलं होतं. इथे, डबीवर, नवी पट्टी होती. मला वाटलं, वाचवायच्या धडपडीत काही केलं असेल. कुसाकाबेसान, ती डबी छातीत होती म्हणून मी रात्री डोळे मिटत होते. तिने त्या रात्री काही का केलं नाही, एवढंच मला हवंय. ते कळेपर्यंत कलश देवळात जाणार नाही.”

“घरच्यांना न विचारता कुणी देह उघडत नाही,” रित्सु म्हणाली.

“तेच म्हणतेय मी. कुणीतरी उघडला.”

२

हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. डबी जागी असताना तिची तार कापली, की डबीला वाटतं हृदय थरथरतंय, आणि ती कापणाऱ्याच्याच हाताला लाथ घालते. म्हणजे कापणाऱ्याला आधी डबीला झोपवणं माहीत होतं. त्या सकाळी संस्थेच्या शवगृहात देहापाशी आलेल्यांत अशी माणसं तीन: यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ मोन्मा, डबी बनवणाऱ्या कंपनीचा ताकेबे आणि स्वतः उरुशिबारा.

मोन्मा यंत्रांच्या खोलीत उभ्याउभ्या भाताचा गोळा खात होता. रित्सुला पाहून त्याने तो खाली ठेवला. आपल्यावरच येणार हे आपल्याला ठाऊक होतं, असं तो म्हणाला. या इमारतीत यंत्र थांबलं की मोन्मा, आणि चाललं की प्राध्यापक.

डबीला झोपवायच्या दोन रीती असतात, हे त्याने तिला समजावून सांगितलं. एक संगणकावरून, तीत काम झाल्यावर आठवणीने तिला जागं करावं लागतं. दुसरी रीत सोपी. लोहचुंबकाचं एक कडं छातीवर डबीच्या वर ठेवायचं. कडं आहे तोवर डबी डोळे मिटून बसते. उचललं की आपोआप जागी. तादाशीच्या अ‍ॅब्लेशनच्या दिवशी मोन्माने पहिली रीत वापरली होती.

“मग तुम्ही ती परत जागी केली होती?” रित्सुने विचारलं.

“केली होती. पण ते सिद्ध करायला तीच डबी हवी. आपल्या सुटकेचा पुरावा कोण स्वतःच्या हाताने कापून नेईल?”

“ज्याने जागी केली नसेल तो.”

मोन्माने भाताचा गोळा पुन्हा उचलला. “तुम्ही भौतिकशास्त्रवाल्या, नाही का. माणसांशी बोलायची तुमची तऱ्हाच न्यारी.”

तरी तो बोलत राहिला, कदाचित आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणून. त्या पहाटे भयंकर थंडी होती. रुग्णवाहिकेचं दार बराच वेळ उघडं राहिलेलं. देह आत आणला तेव्हा त्याच्या अंगातून काढलेली बंडी ट्रॉलीच्या दांड्याला गोठून चिकटली होती. ट्रॉली हलली, वळली, तिला खोलीच्या उबेत थांबवून ठेवलं, तरी बंडी काही पडेना. पुढे ती कुणीतरी सोडवून कपड्यांच्या पिशवीत टाकली असेल. आणखी एक गोष्ट. तादाशीच्या उशाशी एक छोटं यंत्र दिलेलं होतं. ते रोज रात्री डबीची खबर संस्थेत पाठवायचं. पानगळीपासून ती खबर येणं थांबलं. मोन्माने वर कळवलं होतं, आणि इसोगाईसानना त्रास देऊ नका असं उत्तर आलं होतं.

“वर म्हणजे कुणी?”

“वर म्हणजे वर. कार्यालय, कंपनी, उरुशिबारा सेन्सेइ. निरोप कुठून फिरून येतो ते आम्हाला कोण सांगतं?”

रित्सु दाराशी पोचली तेव्हा तो मागून म्हणाला की शवगृहात तो थोडा वेळ एकटाच होता. हात जोडायला गेला होता. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा त्याच्याकडूनच कळलेलं बरं.

३

ताकेबेचे बूट बर्फातून येऊनही चकचकीत होते. तो कमरेतून वाकला, दुःख व्यक्त केलं, आणि रित्सुने काही विचारण्याआधीच त्यांच्या डब्यांची बॅटरी उत्तम असते हे सांगून टाकलं. परदेशात एका खेपेच्या बॅटऱ्या अवेळी मेल्या होत्या, ही गोष्ट खरी. पण तादाशीची डबी त्या खेपेतली नव्हती. एवढं सगळं त्याने न विचारता सांगितलं हे रित्सुच्या ध्यानात राहिलं.

त्या सकाळी मोन्माच्या फोनवरून तो आला होता, डबी न्यायची खास पेटी घेऊन. डबी काढून तपासायची कंपनीची पद्धतच आहे, अर्थात घरच्यांनी संमती दिली तर. उरुशिबारा त्याला व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले की बाईंची इच्छा आहे, डबी नवऱ्याबरोबरच जळू दे. त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला आणि रिकामी पेटी घेऊन परत गेला.

“देहापाशी गेला होतात?”

“उदबत्ती लावायला. दोन मिनिटं.”

“एकटेच?”

“कुसाकाबेसान, मी विक्रेता आहे. मला धड नखं कापता येत नाहीत.”

उरुशिबारा जिन्यात भेटले. घाईत होते, नऊ हॉस्पिटलांची मंडळी आली होती आणि वरच्या मजल्यावर चहा चालला होता. ताकेबेने डबी मागितलीच नव्हती, असं त्यांनी सांगितलं. आला, घाम पुसत उभा राहिला आणि निघून गेला. “कंपनीच्या माणसाला मेलेल्या डबीची ओढ फार असते. कुणाच्या हाती लागू नये म्हणून,” ते म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून वर गेले.

दोघांपैकी एक खोटं बोलत होता. डबी बिघडलेली निघाली असती तर ताकेबेचं सगळंच गेलं असतं. रित्सुच्या संशयाचा काटा त्याच्याकडे झुकला. पण मोजमाप पुरं झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची जुनी सवय, आणि एक माप राहिलं होतं. फुमीला खरोखर कुणी काही विचारलं होतं का?

४

नव्हतं विचारलं. फुमीने चहा ओतला, धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या फोडी पुढे सारल्या, आणि सांगितलं की कुणी तिच्याशी एक शब्दही बोललं नव्हतं. फक्त कपड्यांची पिशवी हातात दिली.

रित्सुने ती पाहायला मागितली. शर्ट, विजार, बनियन, मोजे, पोटाचा लोकरी पट्टा. सगळं धुऊन घडी घातलेलं.

“एक आलं नाही,” फुमी म्हणाली. “बंडी.”

रित्सुच्याही घरी तशी बंडी होती, आखूड, कापूस भरलेली. इकडे रात्री झोपायच्या खोलीत शेगडी ठेवत नाहीत आणि खांदे पांघरुणाबाहेर राहतात, म्हणून सगळेच ती घालून झोपतात. एक जुनी बंडी हरवली तर कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. पण ही जुनी नव्हती. फुमीने ती याच हिवाळ्यात शिवली होती.

मग ती सावकाश सांगू लागली, नजर रित्सुच्या चेहऱ्यावर ठेवून. डबी बसल्यावर तार ओढली जाईल या भीतीने तादाशीने डावा हात महिनोन्‌महिने वर केला नाही. करता करता खांदाच आखडला. कुशीवर वळलं की कळ यायची, रात्र रात्र झोप नाही. आखडलेल्या खांद्यासाठी गावातल्या दर दुसऱ्या माणसाच्या गळ्यात लोहचुंबकाची माळ असते. फुमीने त्यातले सगळ्यांत जोरकस, बटणाएवढे तुकडे आणले आणि बंडीच्या डाव्या बाजूला आतून शिवले, खांद्यापासून छातीपर्यंत.

“आधी नको म्हणाले. डबीच्या पुस्तिकेत मनाई आहे म्हणाले. पानगळीत एकदा तपासणीहून आले ते हसत. उशाशी ठेवलेलं ते यंत्र उचलून कपाटात टाकलं. रोग जळून गेलाय, डबी म्हणजे आता नुसता ताईत, असं हॉस्पिटलात सांगितलं म्हणे. हिवाळ्यात खांदा फारच धरला तेव्हा म्हणाले, शिव आता ती बंडी. त्या शेवटच्या आठवड्यात गाढ झोपायला लागले. घोरायलासुद्धा.”

रित्सुने कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर ट्रॉलीचा दांडा होता. ओलं कापड लोखंडाला गोठून चिकटतं हे खरं, पण उबेच्या खोलीत बर्फ वितळतो. त्या बंडीला बर्फाने धरून ठेवलं नव्हतं.

“चेहरा उतरला तुमचा,” फुमी म्हणाली.

“लोणचं तिखट आहे,” रित्सु म्हणाली. मुळा अजून बशीतच होता.

५

उरुशिबारांच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, शिशासारखा. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि सहज विचारलं, “मोन्मा की ताकेबे?”

“दोघंही नाहीत, सेन्सेइ.”

गोष्टी दोन नाहीशा झाल्या आहेत, ती म्हणाली. डबी आणि बंडी. नुसती डबी गेली असती तर चोर तिघांपैकी कुणीही असू शकला असता. पण बंडीत लोहचुंबक होते. ती अंगावर असताना डबी रात्रभर डोळे मिटून होती. हे ज्याला कळलं त्यानेच बंडी नेली. एरवी ती चिंधीच. आता मोन्माचं बघा. डबी मी जागी केली होती, पण बंडीने तिला झोपवलं, एवढं म्हणून तो सुटला असता. ताकेबेचं बघा. यंत्र ठणठणीत, चूक बाईची, असं म्हणत त्याने ती बंडी निशाणासारखी मिरवली असती. दोघांच्याही सुटकेची वस्तू एकच होती आणि तीच कुणीतरी लपवली.

“म्हणजे लपवणारा असा, की जिचा सगळ्यांना फायदा त्या वस्तूचा त्याला एकट्याला तोटा. डबी आता ताईत आहे, असं इसोगाईसानना सांगणारा.”

उरुशिबारांनी खुर्ची समुद्राकडे वळवली.

“आणखी एक शक्यता तुम्ही सोडलीत,” ते म्हणाले. “आपल्या शिवणाने नवरा गेला हे त्या बाईला कधीच कळू नये, असं कुणाला तरी वाटलं असेल.”

“त्याचा विचार मी सगळ्यांत जास्त केला. तसं खरंच वाटणाऱ्या माणसाने फुमीसानना काही सांगितलं नसतं, पण बाकीच्या अकरा जणांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं असतं. तुम्ही नऊ हॉस्पिटलांना चहाला बोलावलंत.”

त्यांनी टेबलाचा सगळ्यांत खालचा कप्पा ओढला. आत घडी घातलेली बंडी होती, आणि तिच्यापासून दूर, कप्प्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, गॉझमध्ये गुंडाळलेली डबी. समुद्र समोर होता, भट्टी तळघरात होती. कुठेही टाकता आलं असतं. माहिती फेकून देणं मला आयुष्यात कधी जमलं नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरं असावं.

डबीत काय आहे ते त्यांनीच सांगितलं. त्या आठवड्यातल्या सगळ्या रात्री कोऱ्या. पण अखेरच्या संध्याकाळी, तादाशी न्हाणीत असताना, म्हणजे अंगात बंडी नसताना, तीनदा थरथर सुरू झाली आणि आपसूक विरली. तोच जुना रोग, त्याच जुन्या जागेवरून. जळला असं त्यांनी ठामपणे मानलं होतं. तो नुसता दबून राहिला होता.

“अकरा जणांनाही तसंच सांगितलंत? ताईत?”

“ते घाबरून जगत होते, कुसाकाबेसान. एकजण बायकोच्या शेजारी झोपत नव्हता, डबीची लाथ तिला बसेल म्हणून. त्यांना हसताना बघायचं होतं मला.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “मी राजीनामा देतो. चाचणी थांबवतो. पण त्या बाईला तुम्ही हे सांगणार का? माझं सोडा. तिचं काय होईल?”

रित्सुने डबी एका खिशात घातली, बंडी हातात घेतली आणि बाहेर पडली.

६

फुमी अंगणातला बर्फ सारत होती. रित्सुच्या हातातली बंडी तिने लांबूनच ओळखली. फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि कोपरापर्यंतचे हातमोजे एकेक करून काढले.

रित्सुने सगळं सांगितलं, काही न गाळता. कुणी कापलं, का कापलं, डबीत काय सापडलं. बंडीपाशी आल्यावर तिची जीभ अडखळली, तेव्हा फुमीनेच वाक्य पुरं केलं.

“वाटलंच होतं मला. पिशवीत बंडी नव्हती तेव्हापासून. चोर कुणीही असता तरी मला काय? मला माझंच विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं. म्हणून डबीचं विचारलं.”

“चूक तुमची नाही, फुमीसान. त्यांना सांगितलं होतं की…”

“हात माझे होते,” फुमी म्हणाली. “सांगणारे सेन्सेइ होते, ऐकणारे ते होते. हात माझे होते. यातलं काही तुम्ही कमी करू नका.”

मग तिने विचारलं, तसेच आणखी किती जण आहेत. रित्सुने आकडा सांगितला, आणि संस्थेच्या कार्यालयाचं म्हणणंही सांगितलं: कार्यकारण अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा सर्वांना सावधगिरीचं एक पत्र पाठवावं, मृताचा उल्लेख नसावा.

“पत्र,” फुमी म्हणाली. “आमच्याकडे एक अख्खी पुस्तिका होती. ज्या माणसाला बरा झालास म्हणून सांगितलंय, तो पत्र वाचतो होय? त्यांना बोलवा. बायकांसकट. मी बोलते.”

रित्सुने तिला रोखायचा प्रयत्न केला. लोक काय म्हणतील, गाव केवढंसं आहे, हे सांगून झालं. फुमी फावडं उचलून पुन्हा बर्फ सारायला लागली होती.

रविवारी संस्थेच्या खालच्या दालनात अकराही जण आले, मच्छीमार, गवंडी, एक शाळामास्तर, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची बायको. एकाबरोबर त्याची आई. आधी मोन्मा बोलला. डबी आणि लोहचुंबक यांचं त्याने नीट समजावलं, आणि लोकांनी अदबीने माना डोलावल्या. एकाने घड्याळ पाहिलं. रित्सुला तेव्हा कळलं की फुमीचं पत्राबद्दलचं म्हणणं काय होतं.

मग फुमी उठली. काळा किमोनो, चापून बसवलेले केस. ती कमरेतून खाली वाकली आणि इतका वेळ तशीच राहिली की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

“मी इसोगाई फुमी,” ती म्हणाली. “तादाशीची बायको. त्यांचा खांदा दुखत होता, म्हणून मी त्यांच्या बंडीत लोहचुंबक शिवले. त्यांची डबी झोपली, आणि ते थरथरून गेले. मी शेजारीच होते. मला जाग आली नाही.”

मागून एका मच्छीमाराने घसा खाकरून सांगितलं की सेन्सेइ त्यालाही तेच म्हणाले होते, ताईत. ते वाक्य अर्धवट असतानाच त्याच्या बायकोने त्याच्या कॉलरमध्ये हात घातला आणि गळ्यातली काळी माळ ओढून काढली. तो ओशाळून काही पुटपुटला. तिने ऐकलं नाही. शेजारची बाई नवऱ्याच्या खांद्यांवरून, मानेमागून, कमरपट्ट्यावरून हात फिरवू लागली. पाठोपाठ पुढची. शाळामास्तर उभा राहिला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने त्याचा सदरा सगळ्यांदेखत वर केला. दालनात नुसता कपड्यांचा आवाज होता.

रित्सुने फुमीसाठी खुर्ची पुढे केली. फुमीने मान हलवली. शेवटच्या बाईचे हात थांबेपर्यंत ती उभी राहिली.